कोपऱ्यातलं कुंकू

यवतमाळचं प्रदर्शन परवडलं का, हे ठरवायला आमच्या बचत गटाची बैठक विजयमालाच्या घरी घेतली. तिला घर सोडून फार वेळ बसता येत नाही. तिचा नवरा मारोती महागावकडच्या एका जिनिंगमध्ये हमाल होता. कापसाची गाठ कमरेवर पडली आणि त्याचे पाय गेले. पुढं कापसाचंच असं वाटोळं झालं की ते जिनिंगही बंद पडलं. पाय गेल्यापासून तो दाराशी बाजेवर पडून असतो, आणि त्याचं उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं सगळं विजयमाला करते.

मी विमल, गटाची अध्यक्ष. तोंडानं फटकळ आहे म्हणून बायांनी मला पुढं केलं, दुसरी काही लायकी नाही.

आम्हा बाकीच्यांना प्रदर्शन म्हणजे चार दिवस घरच्या कटकटीतून सुटका. विजयमालाचं तसं नव्हतं. गोधड्या खपल्या तर ती घरी बसून शिवणार होती आणि नवऱ्याला सांभाळणार होती. नाही खपल्या तर राजूरच्या खाणीवर भावाकडे जाऊन कोळसा उचलणार, आणि मारोतीला दिराच्या दारात टाकणार. दीर गोपाल भला आहे, पण जाऊ कशी आहे ते सगळ्या गावाला ठाऊक. मारोतीला तर फारच ठाऊक.

गोधडी शिवावी तर विजयमालानंच. टाके असे सारखे की बघत राहावं. आमच्याकडे नवी गोधडी झाली की सवाष्णीनं तिच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं, मगच ती कुणाच्या अंगावर जायची. विजयमालानं विकायच्या गोधड्यांनाही ते लावलं. बिनकुंकवाची गोधडी लोकांच्या घरी कशी पाठवायची, हा तिचा सरळ विचार.

शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत यवतमाळला येणाऱ्यांची नुसती रीघ लागली होती. पुण्या-मुंबईहून माणसं यायची, हळहळायची, फोटो काढायची. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेनं शेजारच्या स्टॉलवर पाटी लावली होती, ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिलांच्या वस्तू’. तिथं केळापूरकडची इंदूबाई बसली होती. तिच्या नवऱ्यानं खरंच औषध घेतलं होतं. तिच्या पिशव्या ओबडधोबड, पण माणसं तुटून पडली होती.

आमच्याकडे एक बाई आली. गोधडी उलगडली, कोपरा बघितला.

“अहो, हा डाग पडलाय.”

“डाग नाही बाई, कुकू हाय,” विजयमाला म्हणाली.

“धुतलं तर जाईल ना? बरं, तुमचे मिस्टर कधी गेले?”

“कुठी? घरीच हायत ना वो.”

बाईनं गोधडी खाली ठेवली आणि इंदूबाईकडे गेली. मला असा राग आला! नवरा जिवंत आहे याची माफी मागायची की काय?

दिवसभर हेच चाललं. संध्याकाळी विजयमाला पदर ओला करून गोधड्यांचे कोपरे पुसत बसली. कुंकू जाईना, पसरत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडपामागच्या नळावर गेली. परत आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं, हातात बांगडी नव्हती, आणि काळी पोत ब्लाउजच्या आत सारलेली होती. मी म्हटलं, “काहून वो असं?” ती गोधड्या मांडायला लागली. आमच्या बायाही घड्या उलगडायला लागल्या.

इंदूबाईच तेवढी उठून आली. “बाई, मले इचार हे कपाळ कसं असते ते. लाव ते कुकू. मी माह्या गिऱ्हाइकायले तुह्याकडे धाडतो.”

“किती दिवस धाडशीन?” विजयमाला म्हणाली.

मग गिऱ्हाइकं आपणहूनच आली. “मिस्टर शेतकरी होते?” “हो.” ज्या मारोतीच्या नावावर ढेकूळभर जमीन नाही, तो शेतकरी झाला. “कधी गेले?” “औंदाच.” दुपारपर्यंत सगळ्या गोधड्या गेल्या, पुसट डागांसकट. एका पेपरवाल्या पोरानं तिचा फोटोही काढला.

परतताना महागावच्या स्टँडवर तिनं बसच्या काचेत बघून कुंकू लावलं. घरी आलो तर मारोतीच्या पाठीला जखम झाली होती. जावेनं त्याला चार दिवस कुशीवर वळवलंच नव्हतं. जखम धुताना विजयमाला मला म्हणाली, “आता सांगा ताई, मी काय करू?” मी एवढी फटकळ, पण पाणी आणायला उठले.

तर बैठकीत मी विचारलं, “बोला बायांनो, परवडलं का?” नागपूरच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं, आणि त्यात पहिलं नाव विजयमालाचं होतं. विजयमाला कातरीनं जुन्या लुगड्याचे तुकडे कापत होती.

“परवडलं,” बाजेवरून मारोती म्हणाला.

त्याच्या उशाखाली पेपर होता. गोपालनं कौतुकानं आणून दिलेला, वहिनीचा फोटो आला म्हणून; खालची ओळ त्यानं वाचलीच नसावी. मारोतीनं तो बाहेर काढला. पांढरं कपाळ, खाली ओळ छापलेली, ‘पतीच्या मृत्यूनंतर सुईदोऱ्याचा आधार’. त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. विजयमालाची कातर थांबली.

“नागपूरले जाशीन तवा माहा फोटू बी ने,” तो म्हणाला. “हार घालून ठेव सामोर. लय खपतीन.”

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आम्ही मध्ये पडलो असतो. पण तो अगदी मनापासून सांगत होता, बायकोच्या धंद्याची काळजी असल्यासारखा.

विजयमालाचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “तुमचा फोटू एकच तर हाय. लग्नातला. त्यात तुमच्या बाजूले मी हाव.”

मारोतीनं पेपरची घडी घालून परत उशाखाली सारली.

“मंग काप,” तो म्हणाला. “कातर हातातच हाय तुह्या.”