बाहीचं माप

एरंडोलचा रमजान टेलर तोंडाचा फटकळ. लग्नाला कोट घाला, मयताला पांढरं घाला, पण मुलगी बघायला जाताना घालाल ते स्वतःचं घाला, असं तो गिऱ्हाइकांना दटावायचा. आज त्याच्याच मुलीला, मिसबाहला, बघायला फैजपूरहून साकिब आला, तोही भर मे महिन्यात कोट चढवून!

"काढा की तो, उकडतंय," रमजान म्हणाला. पोरगा घामाने निथळत होता, पण कोट काही काढेना. रमजानला संशय आला. मग त्याला मधलं बटण दिसलं. काळा दोरा संपला म्हणून परवा त्यानेच ते निळ्या दोऱ्याने शिवलं होतं. हा तर उंचापुऱ्या प्रेमराजचा कोट, रमजानच्याच दुकानात दुरुस्तीला आलेला!

त्याचं डोकं सणकलं. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नजर बाह्यांवर गेली. बाह्या आत दुमडून तुरपाई केली होती. टाके मिसबाहच्या हातचे होते, आणि कड साकिबच्या मनगटावर नेमकी बसली होती.

मिसबाह मान खाली घालून चहा घेऊन आली. रमजान कोटाचा राग विसरला. दोघं आज पहिल्यांदाच एकमेकांना बघणार, असं त्याला सांगितलं होतं. मग हिने याचं माप घेतलं कधी?