बोरखिंडीची माघार

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, हा धान्याचा डबा असावा. पण मी धान्याची नव्हे, मतांची पेटी. पत्र्याची, हिरव्या रंगाची. झाकणाला एक फट आणि कडीला लाखेचे डाग. आटपाडीच्या तहसील कचेरीत, कारकून नानासोंच्या टेबलामागच्या कपाटावर माझे आयुष्य गेले. पाच वर्षांतून एक-दोनदा काम, बाकीचा काळ धूळ. तक्रार नाही. सरकारी नोकरीत पुष्कळांचे असेच चालते.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मात्र माझे नशीब फळफळले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या पाच देशांनी ठरवले होते की, राज्य कसे चालवावे हे बड्या देशांना विचारत बसण्यापेक्षा आपल्यासारख्यांच्याच घरी जाऊन पाहावे. त्यांचे पाहुणे आमच्याकडे गावची निवडणूक पाहायला येणार होते. गाव ठरले बोरखिंडी.

बोरखिंडीला फार अभिमान वाटला. देवळात बैठक बसली. परदेशी पाहुण्यांसमोर गावात दोन तट दिसले, तर गावाची काय शोभा राहील? म्हणून निवडणूक पाहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या सन्मानार्थ गावाने निवडणूकच न घेण्याचे ठरवले. सगळे बिनविरोध! आठ जणांनी हसत हसत माघार घेतली. उरली एकटी हरणाबाई.

हरणाबाई मेंढपाळांच्या वस्तीवरची. तिथल्या बायका पाण्यासाठी अडीच मैल चालत. वस्तीला हातपंप हवा म्हणून ती उभी राहिली होती, गावचे पुढारी लालासाहेब यांचा पुतण्या दादासो याच्याविरुद्ध.

माघारीच्या दिवशी लालासाहेब तिला स्वतःच्या जीपमधून कचेरीत घेऊन आले. तीन वाजता मुदत संपणार होती. पावणेतीन झाले होते. नानासोंनी माघारीचा कागद पुढे सरकवला, शेजारी शाईची गादी ठेवली.

"हरणाबाई, अंगठा कर. गावाच्या इज्जतीचा सवाल हाय," लालासाहेब म्हणाले.

"आवं मालक, पावणं एवढ्या लांबनं रिकामी पेटी बघाया येत्यात व्हय?"

"हातपंपाचं बघू की आमी!"

"सात वरसं बघताय. डोळं दुखलं नसतील का तुमचं?"

नानासोंना ठसका लागला. लालासाहेबांनी आवाज खाली आणला. "हरलीस तर लोक हसतील, बाई."

"हसू द्या. हांडा डोक्यावर घिऊन पडले तवाबी हसलीच हुती."

ती शाईच्या गादीकडे बघत राहिली. मी श्वास रोखला. पेटीला रोखता येतो तेवढा. तिने हात पदराखाली घेतले. भिंतीवरच्या घड्याळात तीनचे ठोके पडले आणि नानासोंनी कागद परत फायलीत ठेवला.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग लागली. पाहुणे बाकावर बसले होते. त्यांच्यातला एक उंच, पिकल्या केसांचा गृहस्थ सारखा माझ्याकडे बघत होता. त्याच्या देशात नऊ वर्षांत मतदान झाले नव्हते, असे दुभाषे म्हणून सोबत आलेल्या प्राध्यापकांनी नानासोंना हळूच सांगितले. त्याने परवानगी मागून माझ्या झाकणावर हात ठेवला आणि तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोजणी झाली. दादासो एकाहत्तर, हरणाबाई पासष्ट.

बाहेर गुलाल उधळला गेला. हरणाबाई थोडा वेळ पायरीवर बसून राहिली. मग उठली, चिमूटभर गुलाल घेतला आणि दादासोच्या कपाळाला लावला. "आता पंप आण रं गड्या. न्हाई आणलास तर फुडल्या खेपंला मी हायेच!" दादासो लाजला. त्यानेच तिला चहा आणून दिला.

पिकल्या केसांच्या पाहुण्याने प्राध्यापकांना विचारले, "आता हिला कुठे नेतील?"

"घरी."

"कोण नेईल?"

"एसटी. साडेपाचची आहे."

पाहुण्याचा विश्वास बसेना. तो तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत गेला. ती खिडकीशी बसली, तिने तिकीट काढले, गाडी हलली. मला हे दारातून दिसत होते. गाडी वळणाआड गेली तरी तो हात वर करून उभाच होता. मग त्याने चष्मा काढून पुसला. धूळ होतीच म्हणा.

हातपंप पुढच्या उन्हाळ्यात आला. कुणामुळे आला, यावर बोरखिंडीत अजून दोन तट आहेत.

मित्रांनो, आता माझे झाकण नीट लागत नाही. गंज दिसला तर घासा, नाही घासलात तरी चालेल. पण गावाची शोभा राखायची म्हणून कुणाला माघार घ्यायला लावू नका. आणि एखादी हरणाबाई हरलीच, तर तिला एसटीपर्यंत सोडायला कुणीतरी जा.