मामाजींचा होकार

आमच्या घरी सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, असा नेम होता. सासूबाई होत्या तोवर निरोप त्या पोचवायच्या. त्या गेल्या आणि घरात उरलो मी, सासरे म्हणजे मामाजी आणि माझा वर्षाचा दिनू. नवरा पुलगावच्या डेपोत, शनिवारी यायचा. दिनू बोलत असता तर त्याच्या तोंडून निरोप धाडले असते. तोवर मी अंगणातल्या गायीला सांगायची. "कपिले, जेवन वाढलं वो," म्हटलं की ओट्यावरचे मामाजी खाकरून उठायचे. "कपिले, गूळ सरला," म्हटलं की संध्याकाळी ताराचंदच्या दुकानातून गूळ यायचा. गायीला काय वाटत असेल ते तिचं तिला ठाऊक, पण आमचा संसार सुरळीत चालला होता.

शहात्तरच्या दिवाळीत नवऱ्याने बापासाठी ट्रान्झिस्टर आणला. सोबत कानात घालायची वायर. लेकराची झोप मोडू नये म्हणून, म्हणे. मामाजींनी ती कानात घातली ती काढीचनात. कापसाचे भाव, भजनं, हिंदीतली क्रिकेटची कॉमेंटरी, जिच्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. मी कपिलेला तीनतीनदा सांगायची आणि ताटातली भाकर वाळून जायची. आधी हसू आलं, मग राग. दिवसभरात कुणी मोठ्या माणसाने ऐकावं असं माझं बोलणं तेवढंच होतं. इतकं एकटं मला सासूबाई गेल्या तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यातच महिला मंडळाच्या यशोदाबाई आल्या. गावात बालवाडी निघणार होती आणि मॅट्रिक झालेली सून गावात मी एकटीच. दिनूलाही सोबत नेता आलं असतं. मला ते काम फार हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, माझं काही नाही, आबा हो म्हणाले तर कर. आबा हो म्हणणार नव्हते. शेजारची सून शिलाईच्या वर्गाला जायला लागली तेव्हा ते काय काय बोलले होते ते मी आतून ऐकलं होतं.

यशोदाबाईंना मी दुसऱ्या दिवशी रेडिओवरच्या भजनाच्या वेळेला बोलावलं. मामाजी ओट्यावर डोळे मिटून बसले होते. थंडीचा मफलर कानावरून गुंडाळलेला, त्यामुळे वायर काही यशोदाबाईंना दिसली नाही. मी दारात उभी राहून मोठ्याने विचारलं, "कपिले, मले बालवाडीचं काम भेटून राह्यलं. करू का?" मामाजींनी मान डोलावली. चांगली चारपाचदा डोलावली. चला, झालं काम, म्हणत यशोदाबाई उठल्या.

सोमवारी मामाजी रेडिओत रमलेले असताना मी दिनूला घेऊन कामाला गेले. संध्याकाळी दुकानात ताराचंदने मामाजींची तारीफ केली, की सुनेला बालवाडीत जायला तुम्ही ओट्यावरूनच हो म्हणालात, यशोदाबाईंनी स्वतः पाहिलं. आपल्याच घरात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही, हे मामाजी चारचौघांत कसं सांगणार? हो, मीच म्हणालो, असं सांगून ते घरी आले आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. सासरी येऊन मला सहा वर्षं झाली होती, ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

"नलू, तू इचारलं तवा मले काही ऐकू आलं नाई."

पदराआड तोंड लपवून गप्प बसता आलं असतं. पण गायीशी बोलून बोलून मीही कंटाळले होते.

"मले माहीत होतं, मामाजी. म्हनूनच तवा इचारलं."

संपलं, मला वाटलं. उद्या यशोदाबाईंना नाही म्हणून कळवायचं. मामाजींनी कानातली वायर काढली आणि गुंडाळून खिशात टाकली.

"आता कानात काही नाई," ते म्हणाले. "आता इचार."

आता नाही म्हणाले तर ते खरंखुरं नाही, त्यातून सुटका नव्हती. पण या घरात मला 'विचार' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी चुलीपुढून उठले, त्यांच्याकडे पाहिलं.

"मामाजी, मी जाऊ?"

तव्यावरची भाकर करपली तरी मी हलले नाही.

"जाजो," ते म्हणाले. "पन मले सांगून जात जाय."

मला तिथेच रडू कोसळलं.