कौशल्याबाईंनी विचारलेली चार नावं

मॅडमनी प्रोजेक्ट समजावून सांगितला तेव्हा बीबीएच्या अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. कोणी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे कोणालाच काही कळलं नव्हतं. जिल्ह्यातलं एखादं गाणं शोधायचं, मोबाइलवर टाकायचं आणि पंधरा दिवसांत पाच हजार लोकांना ऐकवायचं. आदिलाबादच्या त्या कॉलेजात याला म्युझिक मार्केटिंग म्हणत. वृषालीच्या टीममध्ये तिघं होती: ती, मयूरी आणि पंढरी. तिघंही बेला गावची, एकाच बसने येणारी-जाणारी. मयूरीने बोलायचं, पंढरीने मोबाइलवर काटछाट करायची आणि डोकं वृषालीने चालवायचं, अशी वाटणी वृषालीनेच करून टाकली होती.

तिला मार्क हवे होते, पण त्याहून जास्त बाबांचा होकार हवा होता. एमबीएला हैदराबादला जायचं म्हणून सहा महिने तिने घर डोक्यावर घेतलं होतं. बाबा, म्हणजे मोतीराम, तहसीलसारख्या मंडल ऑफिसात क्लार्क होते. ते नाही म्हणत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणत नव्हते. "पाहू," एवढंच म्हणायचे. पोरीचं नाव कुठे चर्चेत आलं नाही तर पाहू, असा त्याचा अर्थ होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता.

गाण्यासाठी तिघं कौशल्याबाईंकडे गेली. बेल्यात कोणाचीही हळद कौशल्याबाईंच्या आवाजाशिवाय लागत नाही. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोनाची हळद हाय?" तिने विचारलं.

"कोनाचीच नाई, मावशी," वृषाली म्हणाली. "कॉलेजचा प्रोजेक्ट हाय."

"मंग नाव कोनाचं घेऊ? बिननावाची हळद कशी गाऊ, बाई?"

मयूरीने तिला टार्गेट ऑडियन्स समजावायला घेतला. तो मयूरीलाच कळला नव्हता, त्यामुळे म्हातारीला कळायचा प्रश्नच नव्हता. शेवटी वृषाली वैतागून म्हणाली, "माह्यंच घ्या." मग कौशल्याबाईंनी शेंगा बाजूला सारल्या, एकापाठोपाठ चार नावं विचारून घेतली आणि डोळे मिटून गायला लागल्या.

हळद लागली वृषाली नवरीला,
सांगा निरोप पंढरी नवरदेवाला.

तिघांची हसून हसून पुरेवाट झाली. प्रोजेक्टच तर होता, त्यात कोणाला काय वाटणार? पंढरीने सुरुवातीची बडबड कापली आणि मंगळवारी गाणं टाकलं.

गुरुवारपर्यंत ते सहा हजार लोकांनी ऐकलं होतं. मयूरीने बसमध्येच टाळ्या वाजवल्या. वृषालीही खूश झाली, पण खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचेपर्यंतच. 'अभिनंदन.' 'तारीख कवाची?' 'पोरगी मोतीरामची ना?' तेवढ्यात किनवटहून मामीचा फोन आला. "आमाले सांगतलं बी नाई," म्हणाली आणि रागाने फोन ठेवला. वृषालीच्या पायाखालची जमीन सरकली. ती बौद्धांची, पंढरी कुणब्याचा. लोक हे गाणं म्हणून ऐकत नव्हते, बातमी म्हणून ऐकत होते.

आता करायचं काय? गाणं काढलं तर प्रोजेक्ट बुडणार. ठेवलं तर हैदराबाद बुडणार. आणि आता काढलं तर लोक म्हणणार, बघा, लपवून राह्यले. तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला.

मुळात म्हाताऱ्या बाईला पंढरीचं नाव सांगितलं कोणी? वृषालीने आधी मयूरीला धरलं.

"आईची शपथ, म्या नाई," मयूरी म्हणाली. "म्या तं तोंडात ओढणी कोंबून हसून राह्यली होती."

मग उरला पंढरी. तो बसस्टँडवर सापडला. तिने विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मले नोको विचारू. गाणं काढून टाकू का?"

"आधी बिनकापलेलं रेकॉर्डिंग दे."

"काऊन?"

"दे म्हटलं ना."

 त्याने रेकॉर्डिंग पाठवलं आणि म्हणाला, "एकटीच ऐकजो."

म्हणजे यानेच सांगितलं, वृषालीची खात्री पटली. संताप संताप झाला तिचा. संतापाच्या तळाशी आणखीही काहीतरी हललं आणि ते तिला बरं वाटलं. बरं का वाटावं हे काही तिला उमगेना. मग तिने संतापच घट्ट धरून ठेवला आणि घर गाठलं.

मोतीराम ऑफिसातून लवकर आले होते. चप्पल काढायच्या आत म्हणाले, "हापिसात तिघांनी पेढे मांगतले. काय भानगड हाय?"

"काही नाई बाबा, प्रोजेक्ट हाय. टीममधल्या पोरानं मस्करी केली. त्यानंच सोताचं नाव सांगतलं."

"तुले काय माईत?"

"पुरावा हाय. थांबा, ऐकवते."

आई, चंपाबाई, भाकरी थापत होत्या. त्याही पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या. वृषालीने आवाज मोठा केला. आधी कोंबड्या ओरडल्या, मग मयूरीचं हसू, मग कौशल्याबाईंचा खणखणीत आवाज.

"नवरीचं नाव?"

"वृषाली."

"आईचं?"

"चंपाबाई."

"मामाचं?"

"हर्षदीप."

"नवरदेवाचं?"

"पंढरी."

चारही उत्तरं एकाच आवाजात होती, एकाच वेगात. चौथ्या नावाआधी ती आधीच्या तीन नावांइतकीसुद्धा थांबली नव्हती. रेशनकार्डावरची नावं सांगावीत तशी ती सांगत गेली होती. तिला हे आठवतच नव्हतं. पंढरीने मात्र कापताना सगळं ऐकलं होतं आणि एवढे दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता.

"हा तं तुयाच आवाज हाय," मोतीराम म्हणाले.

"हो."

"काऊन घेतलं त्याचं नाव?"

"मलेच कळून नाई राह्यलं, बाबा."

ते ओरडतील म्हणून ती वाट पाहत राहिली. ते ओरडले नाहीत. चंपाबाई चुलीकडे वळल्या. मोतीराम खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हैदराबादले जाय तू," ते म्हणाले. "याच वर्षी. फीचं मी पाहतो."

सहा महिने तिने याच एका वाक्यासाठी जीव आटवला होता. ते इतक्या सहज मिळालं आणि बक्षीस म्हणून मिळालं की शिक्षा म्हणून, हे विचारायची सोय नव्हती. बेल्याहून हैदराबाद किती लांब आहे, हे आजवर तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. आता आलं, आणि बाबांसमोर उभ्या उभ्या तिला रडू फुटलं.