आईवर गेलेली मुलगी

कालिंदी हसली की हेमाआत्या तिच्याकडे टक लावून बघत. हसणं वेळेवर थांबलं की देवापुढे साखर ठेवत. श्यामकांत टिपणिसांच्या बालीगंजच्या बिऱ्हाडात हे अठरा वर्षं चाललं होतं. कालिंदीची आई प्रेमलता वेड्यांच्या इस्पितळात होती, आणि पोर आईवर जाणार हे आत्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. एवढ्या देखरेखीत मुलीचे हात कापू लागले. मग तर पुरावाच मिळाला.

त्या रविवारी बागबाजारहून चारुदत्त बघायला आला, सोबत त्याचे डॉक्टर काका. या घरातून सुटायची कालिंदीला ही एकच वाट होती. तरी ऐन वेळी ती स्वयंपाकघरात अडून बसली.

"बाबा, मला वेड लागलं तर? त्या बिचाऱ्याचं वाटोळं कशाला?"

श्यामकांतांनी दार लोटलं. खिदिरपूरच्या गोदीत ते कस्टम्सचे साहेब. चोरून आणलेला माल वासावरून ओळखत.

"नाही लागणार. तू तिच्या पोटची नाहीसच. तिचं मूल जन्मतःच गेलं. ती तापात होती, तेवढ्यात अनाथाश्रमातून तुला आणून शेजारी निजवलं. जात विचारायला वेळ नव्हता. कुठं बोलू नकोस."

"आणि आई?"

"शुद्धीवर आल्यावर म्हणाली, हे माझं मूल नव्हे. रोज म्हणायची. चारचौघांत म्हणायची." ते चष्मा पुसू लागले. "मग काय करणार?"

कालिंदीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. आपल्यात वेडाचा थेंब नाही! जन्मात पहिल्यांदा पोह्यांच्या बशीतला चमचा खुळखुळला नाही.

मुलगी पसंत आहे, हे चारुदत्ताच्या लाल झालेल्या कानांवरून दिसतच होतं. काका मात्र खाकरले.

"टिपणीस, स्पष्ट बोलतो. हिच्या मातोश्रींचं काय? हे रोग रक्तातून उतरतात."

चारुदत्ताची मान खाली गेली. कालिंदीला राहवलं नाही.

"काळजी नको, काका. मी आईच्या पोटची नाहीच. बाबांनी मला अनाथाश्रमातून आणलंय."

सगळे श्यामकांतांकडे बघू लागले. वेड्या बायकोचा सोशिक नवरा म्हणून इथल्या मराठी मंडळींनी त्यांना गणपतीत पहिल्या आरतीचा मान दिला होता. बिनजातीचं मूल घरात आणणाऱ्याच्या हाती ते ताट कोण देणार? त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

"हिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

"बाबा! तुम्हीच सांगितलंत ना आत्ता!" कालिंदीचे हात थरथरू लागले.

"शब्दसुद्धा तेच गं बाई!" आत्या म्हणाल्या. "मी बारशालाच म्हटलं होतं."

इतकं स्वच्छ आनुवंशिक उदाहरण काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी इस्पितळाला चिठ्ठी लिहून दिली आणि उरलेले पोहे संपवले.

आठवड्याभरात कालिंदीला आईच्याच वॉर्डात खाट मिळाली.

"बघा कोण आलंय," नर्स कौतुकाने म्हणाली. "तुमची मुलगी!"

प्रेमलताने नीट निरखून पाहिलं. "ही माझी नव्हे."

"खरंय," कालिंदी म्हणाली. "मी यांची नव्हेच."

नर्सने दोघींच्या कागदांवर एकच शेरा लिहिला: सुधारणा नाही.