डाळ शिजेना

आरमोरीजवळच्या उकड्या तांदळाच्या गिरणीत सलीमा स्टोअर सांभाळायची, आणि तिचं कुणाशीही फारसं पटत नव्हतं. चिठ्ठी असल्याशिवाय ती खिळासुद्धा देत नसे. नवा हातमोजा हवा असेल तर जुना फाटका आणून दाखवा, म्हणायची. बॉयलरवाले तिला मागून 'कुलूप' म्हणत. अकरा वर्षांत तिनं ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

दिवाळीनंतर नवं धान यायला लागलं आणि गिरणी तिन्ही पाळ्यांत चालू झाली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मिठाची चिठ्ठीच येत नाही. बॉयलरमध्ये जाणारं पाणी आधी मऊ करून घ्यावं लागतं, आणि त्या यंत्राला आठवड्याला चार पोती मीठ लागे. सव्वा महिना झाला, पोती होती तिथंच होती.

तिनं आधी दुर्लक्ष केलं. मग बॉयलरवरचे मनसारामभाऊ पाण्याची पातळी दाखवणारी काच मागायला आले. महिन्यातली तिसरी.

"तुम्ही काचा खाता का काय, भाऊ?"

"आतून पांढरी होऊन राह्यली, बाई. पाणी किती हाय, दिसतच नाई. अन् भट्टीत तूस दीडपट जळते, तरी वाफ धरत नाई."

त्याच दुपारी प्रयोगशाळेतली करिष्मा नमुन्याच्या पिशव्या न्यायला आली. दाण्याच्या पोटात पांढरं राहून राह्यलं, वाफ नीट लागत नाही बहुतेक, असं ती बोलता बोलता म्हणाली. मॅनेजर अजयसर मात्र धानच ओलं आहे म्हणत होते.

जेवायच्या वेळी कँटीनच्या सोनीबाईनं वरणाचं भांडं आदळलं. डाळ टणटणीत होती.

"मले काय पाह्यता? दोन तास झाले चुलीवर हाय. शिजतच नाई. नवी बोअर मारली तवापासून असंच चालू हाय, अन् बोलणी मी खातो!"

सलीमाचा घास हातातच राहिला. नव्या बोअरचं जड, क्षाराचं पाणी. डाळ, काच, तूस, तांदूळ, सगळ्याला एकच पाणी. आणि पाणी मऊ करणारं यंत्र बंद. ज्याला त्याला आपापलं दुखणं ठाऊक होतं, पण शेजाऱ्याचं कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारच्या मिटिंगमध्ये तिनं हे सगळं मांडलं, कोण काय म्हणालं तेही. अजयनं शेवटपर्यंत ऐकलंसुद्धा नाही.

"आता कँटीनची डाळ पाहून बॉयलर चालवायचा का?"

सगळे हसले.

"मीठ काऊन लागत नाई, सर, तेवढं सांगा."

हसणं थांबलं. यंत्राचा व्हॉल्व्ह तुटला होता. दुरुस्तीला दोन दिवस गिरणी थांबवावी लागली असती, म्हणून अजयनं पाणी सरळ बॉयलरला जोडलं होतं. हे तो बोलला नाही. तो करिष्माकडे वळला. "तू म्हणाली का, वाफ लागत नाई म्हणून?"

"मी तसं नाई म्हटलं, सर," करिष्मा टेबलाकडे बघत म्हणाली.

मनसारामभाऊंनीही मान वर केली नाही.

"तुमच्या खुर्चीवर बसायले वीसजणी तयार आहेत, सलीमाबाई," अजय म्हणाला. "मिठाची पोती मोजा तुम्ही."

ती तिथून थेट बॉयलरवर गेली. मनसारामभाऊ तिच्यामागोमाग आले ते भांडायच्या तयारीनंच.

"चार लोकांत माझं नाव काऊन घेतलं? मले नोकरी करायची नाई का?"

"बॉयलर फुटला तर तुमचंच नाव निघंल. अजयसरांचं नाई निघणार."

म्हाताऱ्यानं भट्टीचं छोटं दार उघडलं आणि बाजूला सरला. आत नळ्यांची रांग दिसत होती. त्यातली एक मधेच फुगली होती, लालभडक झाली होती.

"मंगळवारपासून पाहून राह्यलो. साहेब म्हणाले, हंगाम जाऊ दे."

"आग काढा."

"कोणाच्या हुकमानं?"

सलीमानं खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, 'माझ्या सांगण्यावरून आग काढली' असं लिहिलं आणि खाली सही केली. मनसारामभाऊंनी चिठ्ठीची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली आणि फावडं उचललं.

अजय आला तोवर वाफ उतरत होती. "पन्नास टन धान टाक्यांत भिजत हाय! सडवता का?" तो तिच्या अंगावर धावून आला. ती बॉयलरघराच्या दारातून हलली नाही. त्यानं तिला ढकललं, तेव्हा तिचा खांदा चौकटीवर आपटला. तरी ती तिथंच राहिली. मनसारामभाऊंनी फावडं आडवं धरलं, तेव्हा कुठे तो थांबला आणि त्यानं मालकाला फोन लावला.

दोन दिवसांनी बॉयलर थंड झाल्यावर मालकानं बोलावलेल्या नागपूरच्या मिस्त्रीनं तो उघडला. नळ्यांवर बोटभर जाड क्षाराचा थर होता, आणि तीन नळ्या फुगलेल्या.

"चार दिवस अजून चालला असता," तो मालकाला म्हणाला, "तर इथं उभं राहून बोलायले कोणी उरलं नसतं."

नळ्या आणि तो व्हॉल्व्ह बदलेपर्यंत गिरणी एकोणीस दिवस बंद राहिली. फाटकाबाहेर धानाच्या ट्रॅक्टरची रांग लागली. घरी बसलेले हमाल येता-जाता सलीमाला शिव्या देत. बाईनं हंगाम बुडवला, म्हणत. नळ्या कुणी पाहिल्या नव्हत्या, बंद फाटक मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. अजय मालकाचा भाचा. त्याची खुर्ची शाबूत राहिली. मालकानं एवढंच केलं, की दर सोमवारी प्रत्येक खात्यानं आपल्याकडे काय बदललं ते स्टोअरमध्ये येऊन सांगायचं, असा हुकूम काढला. तोही वैतागूनच.

पहिल्या सोमवारी सगळे तोंडं पाडून आले. करिष्मा बाकीचे गेल्यावर मागं राहिली.

"मी घाबरली होती, ताई."

"दिसलं मले," सलीमा म्हणाली. तिला राग होता आणि तो लपवावा असं वाटलं नाही. "दाणा कसा हाय आता?"

"बरा हाय."

"आकडा सांग. बरा म्हणजे काय?"

अजय सगळ्यात शेवटी आला. उंबऱ्यातूनच, भिंतीकडे बघत, त्यानं दोन वाक्यं बोलून टाकली. धान वर नेणाऱ्या दुसऱ्या पट्ट्याचं बेअरिंग आवाज करतं आहे. तापतंही थोडं. आणि तो निघाला.

"अजयसर, आत या, बसा," सलीमा वहीतून मान वर न करता म्हणाली. "माझं विचारून झालं नाई अजून."

खांद्याची कळ अजून गेली नव्हती. तो खुर्ची ओढून बसेपर्यंत ती थांबली.