बांधावरचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. काठ चेमटलाय, बुडाला गंज आहे, पण ताठा शाबूत आहे! शहर बिडकीन गावाकडे वाढत होतं तेव्हा मी इमारतींवर काँक्रीट वाहिलं. मग त्याच शहरातल्या उस्मानपुऱ्याच्या एका कॉलेजने मला श्रमदानासाठी घेतलं आणि बुडावर लाल रंगात आपलं नाव लिहिलं. त्या नावाचा मला भारी गर्व होता.

दुष्काळ पडला. देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवर साळूबाईंची विहीर आटली. उतारवयात त्यांना हंडा घेऊन टँकरमागे धावावं लागे. आमच्यासकट तीन कॉलेजं मदतीला आली आणि एकाच नाल्यात तीन वेगळे बांध घालू लागली. फलक तीन, फोटो तीन, बांध मात्र तिन्ही अर्धवट. एका पावसात सगळे वाहून गेले. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या वर्षी तिन्ही कॉलेजांनी मिळून सेवा मंच काढला. सह्या झाल्या, हारतुरे झाले, एकच बांध घालायचं ठरलं. पण जुनी सवय! दगडांच्या ढिगापासून बांधापर्यंत मुलांची लांब रांग लागली, पण कॉलेजवार; आमच्या कॉलेजची शेवटची मुलगी आफरीन माझ्यातले दगड जमिनीवर ओतायची आणि मला मागे पाठवायची. दुसऱ्या कॉलेजची मृण्मयी तेच दगड पुन्हा आपल्या घमेल्यात भरायची. शिबिराचा शेवटचा दिवस उजाडला, तरी बांधाला मधोमध खिंडार होतंच.

साळूबाईंना राहवेना. "अगं पोरींनो, घमेल्यालाबी कालेज असतंय व्हय? दे की फुडं!"

"मावशी, सरांनी घमेली मोजून दिलीत. हरवलं तर?" आफरीन म्हणाली.

"हरवतंय कुठं? हितंच फिरंल!"

आफरीन हसली. तिने मला भरल्या दगडांसकट मृण्मयीच्या हातात दिलं. मग काय, मी त्या दिवशी शंभरेक हातांतून फिरलं असेन! दिवस मावळायच्या आत खिंडार बुजलं. पावसाळ्यात पाणी अडलं, विहिरीला झरे फुटले. माझा ऊर भरून आला.

शिबिर आवरण्याच्या गडबडीत मी मात्र बांधावरच राहून गेलं होतं; साळूबाईंनी मला उचलून विहिरीवर ठेवलं. पुढच्या वर्षी आफरीन आली, तेव्हा साळूबाई म्हणाल्या, "घेऊन जाय बाई तुमचं घमेलं."

तिने मला पालथं करून पाहिलं. लाल नाव केव्हाच झिजून गेलं होतं.

"मावशी, हे आपलं सगळ्यांचं आहे. राहू द्या इथंच."

मित्रांनो, काम झालं की आम्हाला धुऊन ठेवा, गंजू देऊ नका. आणि रांगेत उभे असाल, तर शेजारचा कोणत्या कॉलेजचा हे न विचारता मला त्याच्या हातात द्या.